मानीव दिनांक

धाकट्यानं पिशवीतून कागद काढले आणि सतरंजीवर माझ्यापुढं ओळीनं मांडले. एक मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे फौजेतला दुसऱ्या ठिकाणी निघायचा हुकूम, तीही झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्क्याच्या जागी नुसता काळा डाग. रेल्वे वॉरंटची, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवासाच्या कागदाची, पुसट नक्कल. कॉलेजचं एक पत्र. शेवटी ज्येष्ठता यादीचं एक पान, त्यात दोन नावांखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली.

"अक्का, हे दोघं माझ्या मागचे. आता पुढं गेलेत. मला माझी तारीख पाहिजे. जास्त काय मागूलालो का मी?"

बत्तीस वर्षं मी आस्थापनेच्या टेबलावर काढली. 'माझी तारीख पाहिजे' हे वाक्य माझ्या कानांना नवं नाही. तलाठी, शिपाई, वरिष्ठ सहायक, वाहनचालक, सगळे हेच सांगत यायचे. पण आपल्या घरातला माणूस सतरंजीवर मांडी घालून तेच वाक्य म्हणाला, तेव्हा मला एकदम उत्तर सुचलं नाही. मी उठून चहा ठेवला.

धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, आणि प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, अधिकारी आहे. आमच्याकडं हे समजावून सांगायला वेळ लागतो. सातारा-कोल्हापूरकडं घरटी एक माणूस फौजेत असतो, तिथल्या लहान पोरालाही सुभेदार आणि हवालदार यांतला फरक कळतो. आमच्याकडं तशी परंपरा नाही. आमच्या गल्लीत फौजी म्हटलं की रिटायर होऊन बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणारे काका, एवढीच ओळख. संभाजीनगरच्या छावणीतल्या पर्यावरण बटालियनचं ज्यांनी ऐकलंय, त्यांना वाटतं प्रादेशिक सेना म्हणजे डोंगरावर झाडं लावणारे माजी सैनिक. ते काम मोठंच आहे, पण तो या सेनेचा एक भाग. आणि पोरं विचारतात, "म्हणजे धोनीसारखं का, सर?" धोनीला २०११ मध्ये मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मानद आहे. धाकट्यानं लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली, पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची चाचणी, पार केलं, मग खांद्यावर तारे लागले.

या सेनेचा कायदा १९४८ चा. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला तेच साल. ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. आपला नोकरी-धंदा सांभाळणारा नागरिक, वय १८ ते ४२, वर्षातले साधारण दोन महिने शिबिराला जाणार, आणि देशानं बोलावलं तर महिनोन्‌महिने वर्दीत राहणार. त्या बोलावण्याला 'एम्बॉडी' करणं म्हणतात. १९६२, १९६५, १९७१, तिन्ही वेळा या सेनेच्या तुकड्या कामाला लागल्या होत्या. धाकट्याला हे सगळं तोंडपाठ. दहावीनंतर संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व संस्थेची परीक्षा त्यानं दिली होती. १९७७ पासून तिथं मुलांना एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करतात. त्याची निवड झाली नाही. पुढं बी.एस्सी., बी.एड., नोकरी, लग्न. फौजेचं वेड संपलं असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. तिशी गाठताना त्यानं गुपचूप हा फॉर्म भरला.

आता त्याचं गाऱ्हाणं.

या सेनेत लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरावीक सेवा झाली आणि अटी पूर्ण केल्या की मिळते. त्यापुढं निवडीनं. म्हणजे सेवा किती झाली, याच्यावर सगळं. आणि धाकट्याच्या सेवेतले ३१३ दिवस कुठं लिहिलेच गेले नाहीत. १९ जानेवारी ते २६ नोव्हेंबर २०१६. त्या काळात त्याला बोलावून उत्तरेकडं दुसऱ्या एका युनिटला जोडलं होतं. फौजेत माणसाच्या बाबतीत काहीही घडलं, हजर झाला, रजेवर गेला, लग्न केलं, मूल झालं, की त्याची 'पार्ट टू ऑर्डर' निघते. आमच्या सेवापुस्तकातल्या नोंदीसारखीच ती. जिथं तो होता त्यांना वाटलं मूळ युनिट काढेल, मूळ युनिटला वाटलं तो जिथं आहे ते काढतील. दरम्यान मूळ युनिटनं मुक्काम हलवला. कागद दोघांच्या मधे पडला. कॅप्टनचा मेजर व्हायची वेळ आली तेव्हा हिशेबात ३१३ दिवस कमी भरले, आणि बढती तेवढी पुढं ढकलली गेली. खांद्यावरचे तीन तारे जाऊन अशोकस्तंभ आला, घरात पेढे वाटले, फोटो निघाले. यादी हातात आल्यावर त्याला कळलं की ज्यांना त्यानं प्रशिक्षणात नकाशा वाचायला शिकवला होता, ती दोन मुलं त्याच्या वर बसली आहेत.

राज्य सरकारच्या नोकरीत यावरच्या इलाजाला मानीव दिनांक म्हणतात. माणसाची चूक नसताना त्याची बढती मागं राहिली आणि त्याच्या खालचा आधी वर गेला, तर चौकशी करून तो त्या आधीच्या दिवशीच वर गेला असं मानायचं. १९८२ च्या सेवाज्येष्ठता नियमावलीत तशी तरतूद होती. २०२१ मध्ये नवी नियमावली आली, टेबलावरचा शब्द तोच राहिला. पगार काल्पनिक पद्धतीनं ठरवतात, मागची थकबाकी बहुधा मिळत नाही. फौजेत त्यालाच 'अँटेडेट' म्हणतात, असं धाकट्यानं मला सांगितलं. मला आमचाच शब्द आवडतो. 'मानीव' या शब्दात मान देणंही आहे आणि मान्य करणंही.

चहा पिताना मी त्याला तेच सांगितलं, जे मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आले. "थकबाकी मिळायची नाही. वरच्यांचं मन खट्टू होईल. अजून दहा वर्षं काढायचीत तुला तिथं. सोड." तो काही बोलला नाही. कपातल्या सायीकडं बघत बसला. लहानपणी गणित चुकलं म्हणून मार बसला, आणि नंतर पुस्तकातलंच उत्तर चुकीचं निघालं, तेव्हाही तो असाच बसला होता.

रात्री मला एक जुना माणूस आठवला. अहमदपूरकडचा. एका कार्यालयात कनिष्ठ सहायक होता. त्याचा मानीव दिनांकाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला आणि मी त्रुटी काढून परत पाठवला. मूळ आदेशाची प्रत जोडलेली नाही. तो तीनदा आला. तिसऱ्यांदा दुपारच्या उन्हातून आला होता, टोपी हातात, शर्टाची पाठ भिजलेली. म्हणाला, "मॅडम, पैशाचं राहू द्या. माझ्या हाताखालचा पोरगा माझ्या वर बसलाय, तेवढं नीट करा." मी म्हणाले, सरकारी काम कागदावर चालतं, भावनेवर नाही. नियमानं मी बरोबर होते. पण ती मूळ प्रत आमच्याच कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होती, आणि शोधायला मला अर्धा दिवस लागला असता. तो अर्धा दिवस मी दिला नाही. त्याला तारीख मिळाली ती निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, माझी बदली झाल्यावर, दुसऱ्या कुणीतरी कपाट उघडलं म्हणून. आदेश घ्यायला आला तेव्हा योगायोगानं मी तिथं होते. त्यानं आदेश दोन्ही हातांनी घेतला, खाली जाऊन लॅमिनेशन करून आणला आणि मला दाखवला. मला! ज्या बाईनं परत पाठवला होता तिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून तो प्रसंग मला अजून झोपू देत नाही.

क्रमाला आपण क्षुल्लक म्हणतो, पण आमच्या गावात पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून मानाची जोडी आधी जाते, आणि त्या एका जागेवरून दोन भावकींत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचे नंबर ठरलेले असतात. रथापुढची कितवी आणि रथामागची कितवी, हे वारकरी पिढ्यान्‌पिढ्या जपतात. सगळं विठ्ठलावर सोडून निघालेली ती माणसंसुद्धा आपली जागा सोडत नाहीत. यात हाव आहे असं मला वाटत नाही. ती जागा कुणीतरी चालून मिळवलेली असते.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्याच्या घरी गेले. म्हटलं, आधी घटनाक्रम नीट लावू. त्याला तारखा आठवत नव्हत्या. हजर कधी झालास, सुटी कधी मिळाली, परत कधी गेलास? त्याला डोंगर आठवत होते, बंकरमधला स्टोव्ह आठवत होता, एका जवानाचा पाय घसरून तो दरीच्या कडेला लटकला होता ते आठवत होतं. तारखा नाहीत. माझी भावजय दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि माळ्यावरच्या डब्यातून गुंडाळी करून ठेवलेलं २०१६ चं कालनिर्णय घेऊन आली. ती कुठलंच कालनिर्णय टाकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

कालनिर्णय उघडून आम्ही तिघं जमिनीवर बसलो. जानेवारीच्या पानावर, संक्रांतीनंतरच्या मंगळवारच्या चौकोनात, निळ्या शाईनं दोनच शब्द: 'हे गेले'. त्याखाली दुधाचा रतीब.

लातुरात २०१६ चा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना मी काही नवीन सांगत नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावलं होतं. पाण्यासाठी जमावबंदी! १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी घेऊन. आम्ही ती बघायला गेलो नाही, कारण त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकरची पाळी होती. हे सगळं त्या कालनिर्णयात आहे. 'टँकर आला, ४ घागरी.' 'टँकर नाही.' 'टँकर नाही.' 'फोन आला, ६ मिनिटं.' 'टँकर नाही.' मे महिन्यात एका चौकोनात 'पोरीला ताप', दुसऱ्या दिवशी 'पोरीला ताप', तिसऱ्या दिवशी 'फोन लागला नाही'. त्या आठवड्यात माझी भाची तापानं फणफणली होती आणि तिच्या कपाळावर ठेवायच्या पट्ट्यांचं पाणी भावजय पुन्हा भांडी विसळायला वापरत होती. मी पाहिलंय ते. जूनमध्ये 'हे आले', दहा चौकोन सोडून 'हे गेले'. ऑक्टोबरच्या पानावर हातभर मोठ्या अक्षरात 'मांजरा भरलं', म्हणजे लातूरला पाणी देणारं धरण, चार चौकोनांवरून आडवं लिहिलेलं. नोव्हेंबरात 'बँकेत रांग, पैसे नाही'. आणि २६ तारखेला, शनिवारी, 'हे आले'. त्याच्याभोवती तिनं गोल काढला होता.

धाकटा बराच वेळ ते पान बघत होता. मग म्हणाला, "मला सांगितलं नाहीस तापाचं."

भावजय म्हणाली, "तुमचं तिथं काय कमी होतं का?" आणि माझ्याकडं वळून, "वन्सं, हे कागद म्हणूलालेत की त्या दिवसांत हे कुठंच नव्हते. मग आम्ही कुणाची वाट बघूलालो होतो?"

कालनिर्णय पुरावा म्हणून जोडता येत नाही, हे मला माहीत आहे. पण त्यावरून तारखा पक्क्या झाल्या, आणि तारखा पक्क्या झाल्या की कागद कुठं शोधायचे ते कळतं. जूनमधली ती दहा दिवसांची सुटी कुणीतरी मंजूर केली असणार, म्हणजे तिथल्या युनिटात रजेची नोंद असणार. रजेवर गेला म्हणजे त्याआधी हजर होता. मी आयुष्यभर त्रुटी काढल्या. त्या भरायच्या कशा, तेही त्यातूनच शिकले होते.

कॉलेजच्या पत्राचं मात्र मला फार लागलं. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात स्पष्ट आहे की सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला मालकानं परत कामावर घ्यायचं. घेतलं त्यांनी. पण ते दिवस असाधारण रजा म्हणून दाखवले, बिनपगारी, आणि वार्षिक वेतनवाढ पुढं सरकवली. म्हणजे कॉलेजच्या सेवापुस्तकात तो त्या काळात फौजेत होता म्हणून दिवस धरले नाहीत, आणि फौजेच्या नोंदीत तो होता असा कागद नाही म्हणून दिवस धरले नाहीत. ३१३ दिवस दोन्ही वह्यांतून गळाले. पूर्णवेळ सैनिकाचं असं होणं अवघड, कारण त्याची वही एकच. या माणसांचं आयुष्य दोन वह्यांत लिहिलं जातं, आणि दोन्हीकडच्या कारकुनांना वाटतं की हा मुळात दुसरीकडचा. कॉलेजात त्याला 'दोन महिन्यांचे मेजर' म्हणतात. तिकडं काय म्हणतात ते त्यानं मला सांगितलं नाही.

मग आम्ही अर्ज लिहायला बसलो. त्याचा पहिला मसुदा तीन पानांचा, त्यात 'अन्याय' हा शब्द सात वेळा. मी सहा खोडले. सातवा खोडणार होते, तो म्हणाला, "एक राहू दे, अक्का." मी राहू दिला. आमच्याकडच्या टिपणीत मी १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार हमखास द्यायची. महाराष्ट्राच्याच अभियंत्यांचं ते प्रकरण. नियमाप्रमाणे नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून मोजायची, कायम केल्याच्या दिवसापासून नाही, असं घटनापीठानं सांगितलं. धाकटा म्हणाला, तिथं असं लिहीत नाहीत. तिथं परिच्छेदाला नंबर, एका परिच्छेदात एकच गोष्ट, विशेषणं नाहीत. मला ती पद्धत आवडली. परिच्छेद एक: अमुक आदेशानं अमुक दिवशी निघालो. परिच्छेद दोन: अमुक युनिटला हजर झालो. परिच्छेद तीन: या काळाची पार्ट टू ऑर्डर निघाल्याचं आढळत नाही. परिच्छेद चार: ती काढावी, सेवा धरावी, आणि बढतीची तारीख ३१३ दिवस मागं न्यावी. लिहून झाल्यावर वाचलं तर एवढ्या मोठ्या गोष्टीचं एकच पान झालं होतं.

पुढचे रस्तेही आम्ही बोलून ठेवले. आर्मी ॲक्टच्या कलम २७ खाली अधिकाऱ्याला केंद्र सरकारपर्यंत तक्रार नेता येते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्यानं झालेलं, त्याचं एक पीठ मुंबईत बसतं. न्यायाधिकरणाचं नाव काढलं की धाकटा गप्प होतो. ज्यांच्या हुकमावर रात्री डोंगर चढलो त्यांच्याविरुद्ध वकील उभा करायचा, हे त्याच्या मनाला पटत नाही. मी त्याला सांगितलं की गाऱ्हाणं मांडणं म्हणजे बेइमानी नव्हे, कायद्यानंच ते दार ठेवलंय. त्याला डोक्यानं कळतं. मी जास्त रेटलं नाही. पण त्या अहमदपूरच्या माणसाची गोष्ट मी त्याला सांगितली, माझ्या चुकीसकट. मोठ्या बहिणीनं धाकट्यापुढं हे सांगावं, याला मला बरीच वर्षं लागली.

अर्ज योग्य मार्गानं गेला, त्याला आता आठ महिने झाले. ज्या युनिटला जोडलं होतं तिथून रजेची नोंद सापडली, हे चांगलं. मूळ मूव्हमेंट ऑर्डरची साक्षांकित प्रत मागितली आहे, ती मिळायची आहे. मी दोन स्मरणपत्रांचे मसुदे करून दिलेत, तिसरा तयार ठेवलाय. तिकडचा एक सुभेदार मेजर स्वतः रेकॉर्डच्या कपाटात शोधतोय, असं धाकटा सांगत होता. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल मला फार माया वाटते. तो त्याचा अर्धा दिवस देतोय.

परवा मी त्यांच्याकडं गेले तेव्हा दारात काळी ट्रंक उघडी होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. यंदाच्या शिबिराचं बोलावणं आलंय. भाची आता मोठी झालीय, ती बुटांना पॉलिश करत होती. धाकटा वर्दीच्या घड्या घालत होता, खांद्यावरची राजमुद्रा तेवढी रुमालात वेगळी गुंडाळून. यादीत तो अजून त्या दोघांच्या खालीच आहे. मी विचारलं, या वेळी हजर झाल्याबरोबर पार्ट टू ऑर्डर निघाली का ते स्वतः बघशील ना? म्हणाला, "पहिल्याच दिवशी बघतो, अक्का. नंबर तुला कळवतो."

पहाटेच्या गाडीनं तो गेला. परत घरात आल्यावर भावजयीनं देवापुढं दिवा लावला, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेली, दोरीला बांधलेला पेन उचलला आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'हे गेले'. मग जरा थांबून त्याखाली गाडीचा नंबर आणि सुटायची वेळही लिहिली.